फुकटचं पुस्तक आणि वीस लिटरची बादली

आमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे गुडघे बाकात मावत नाहीत. शाळा चौथीपर्यंतची, सकाळी लहान मुलांची आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आमची. त्यामुळे पन्नाशीचा लिफ्टमन, दोन मुलांची आई आणि मुलीचं लग्न ठरवून आलेला वॉचमन तिसरीच्या बाकावर तिरके बसून, एक पाय बाहेर काढून अपूर्णांक सोडवतात. मध्येच कोणाच्या पायाला मुंग्या येतात, मग सगळा वर्ग पाच मिनिटं उभा राहतो.

मी दादरच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसले. कपाटं आवरली, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. शेवटी आमचे हेच म्हणाले, "तू कुठेतरी शिकवायला जा बाई, नाहीतर मला शिकवायला घेशील." तेव्हापासून परळचा हा वर्ग माझ्या गळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर मी तो हौसेने पडू दिला.

आमच्याकडे कोण येतं? सातवीत, नववीत शाळा सुटलेले लोक. कोणाचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि पोराला कामाला लावलं. कोणाचं लग्न झालं. आता कोणाला बाहेरून दहावी करायची असते, कोणाला खात्याची परीक्षा देऊन वरच्या जागेवर जायचं असतं. या लोकांना गणित येत नाही असं मुळीच नाही. त्यांचं मधलं तुटलेलं असतं. पाढे पाठ असतात, हिशेब तोंडावर असतो, पण कागदावर 'छेद' म्हटलं की घाम फुटतो. शाळेची पुस्तकं लहान मुलांसाठी लिहिलेली आणि गाइडं नववीपर्यंतचं सगळं येतंय असं धरून चालणारी. मधल्या तुटलेल्या भागासाठी काहीच नाही.

पहिल्या वर्षी मी पाचवीचं पुस्तक घेऊन गेले. राजूकडे बारा पेरू आहेत, त्याने त्यातले एक तृतीयांश मित्राला दिले, वगैरे. आमचे तुकाराममामा म्हणजे लालबागच्या एका इमारतीतले लिफ्टमन, मूळचे मालवणकडचे. ते हात वर करून म्हणाले, "बाई, ह्यो राजू माझ्या नातवाच्या वयाचो. तेका पेरू खावंदेत. माका काय दुसरा विचारा."

वर्ग हसला, पण मला ते लागलं. त्या उन्हाळ्यात मी बसून चौसष्ट पानांचं पुस्तक हाताने लिहिलं. भाच्याने ते टाइप केलं आणि इंटरनेटवर टाकलं, कोणीही उतरवून घ्यावं म्हणून. पहिल्या पानावर मी छापलं: हे पुस्तक फुकट आहे. झेरॉक्स काढा, वाटा, हवं ते बदला. फक्त विकू नका.

शाळेजवळ शेट्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, कोणीही बदला म्हणजे? उद्या कोणी काहीपण घालेल. निदान तुमचं नाव तरी मोठं टाका."

"नाव कशाला?" मी म्हटलं. नाव न टाकण्याच्या त्या नम्रतेचा मला पुढे बरीच वर्षं अभिमान होता, हेही सांगून टाकते.

वर्गात मात्र फुकट शब्दाने घोळ केला. फुकट म्हणजे यात काहीतरी गोम असणार, असं गिरणगावात वाढलेल्या माणसाला वाटणारच. एकाने विचारलं, "मागून आधार कार्ड मागणार नाहीत ना?" दुसऱ्याने पुस्तक दोन आठवडे घरी नेलंच नाही, हरवलं तर भरून द्यावं लागेल म्हणून. आणि एकदा हे आपलंच आहे अशी खात्री पटल्यावर त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याला असली कव्हरं चढली की काय सांगू. तुकाराममामांनी तर गेल्या साली आलेल्या लग्नपत्रिकेचा सोनेरी पुठ्ठा लावला होता. आतून अपूर्णांक आणि बाहेरून गणपती.

मग आमच्याकडे एक रीत पडली. दर वर्षी नवी तुकडी आली की जुनी उदाहरणं काढायची आणि या तुकडीच्या कामातली घालायची. वॉचमनच्या पाळ्या, लिफ्टचं वजन, वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका बाईचा बर्फ किती वेळात वितळतो ते. आपल्या कामाचं गणित पुस्तकात छापून आलं की माणूस ताठ बसतो. मी स्वतः दोन-तीन वर्षं पाहिलंय, ज्याचं उदाहरण असेल तो ते सोडवल्याशिवाय घरी जात नाही.

या रितीने एकदा माझी चांगली फजिती केली. लालबागला मसाल्याच्या दुकानात काम करणारी वैशाली आमच्या वर्गात होती. मी तिच्याकडून तिच्या घरच्या मसाल्याचं प्रमाण घेतलं आणि गुणोत्तराच्या धड्यात घातलं. मिरची इतके भाग, धणे इतके, लवंग इतकी. वर्षभराने चिपळूणहून एका अनोळखी शिक्षिकेचा फोन आला. त्यांनी पुस्तक इंटरनेटवरून घेतलं होतं, वर्ग छान चालला होता. फक्त त्यांच्या एका विद्यार्थिनीने त्या उदाहरणावरून घरी तीन किलो मसाला केला होता. "बाई, तुमच्यात लवंग एवढी घालतात का हो? घरात कोणाला जेवता येईना."

मी वैशालीला गाठलं. ती अजिबात वरमली नाही. "मग काय खरं सांगून बसू? आमच्या सासूने मला बारा वर्षांनी सांगितलं ते प्रमाण. तुम्ही आठवड्यात मागताय." मी हसत सुटले आणि ते उदाहरण काढून टाकलं. आपलं पुस्तक न सांगता कुठवर पोचतं आणि त्यातलं लोक किती खरं मानतात, हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही.

आता सुनंदाचं सांगते. सांगायला तेच बसले होते, बाकीचं आडवळणाने येत गेलं.

सुनंदा आमच्या भागातल्या एका मोठ्या इस्पितळात आया. वय त्रेचाळीस, शाळा आठवीत सुटलेली, बोलायला मऊ आणि कामाला वाघ. वीस वर्षं तिने बेडपॅन उचलले, फरशा पुसल्या आणि ड्रेसर पट्टी बांधत असताना बाजूला ट्रे धरून उभी राहिली. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन, औषध लावून पट्टी करणारा माणूस. तिला ड्रेसर व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, पट्टी मला बांधता येते. घाईच्या वेळी सिस्टर मलाच सांगतात, बांध म्हणून. पण कागदावर मी आयाच. एकदा तरी स्वतःच्या नावाने बांधायचीय."

त्यासाठी खात्याची परीक्षा होती आणि तिच्यात गणिताचा पेपर. वयाच्या अटीत बसेल अशा दोनच संधी उरल्या होत्या, ही आणि पुढच्या वर्षीची. त्यानंतर ट्रे धरणं निवृत्तीपर्यंत.

साहजिकच त्या वर्षी पुस्तकात तिचं उदाहरण घालायचं मी ठरवलं. तिला विचारलं, मिश्रण करायचं असं काय काम असतं तुझ्याकडे? ती म्हणाली, "हायपो. रोज सकाळी. एकाला चार." हायपो म्हणजे फरशी आणि भांडी जंतू मरण्यासाठी ज्याने धुतात ते ब्लीचसारखं औषध. एक भाग औषध, चार भाग पाणी. मला फार आवडलं. गुणोत्तराच्या धड्यात आधी कोकम सरबताचं एक गणित होतं. वीस लिटर सरबत करायचं, त्यात चौथा भाग आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, तर आगळ किती? मी सरबत काढलं आणि सुनंदाची वीस लिटरची बादली घातली. हायपो आणि पाणी एकास चार, तर हायपो किती? शेट्यांकडे नव्या प्रती काढल्या. सुनंदाने ते पान उघडलं आणि पुस्तक जवळ धरून दोनदा वाचलं. मला घरी जाताना उगाच हलकं वाटत होतं.

परीक्षा झाली. दोन महिन्यांनी निकाल लागला. सुनंदा दोन गुणांनी गेली.

ती वर्गात आली, सगळ्यात मागे बसली. मी विचारलं, काय अवघड गेलं? ती म्हणाली, "प्रमाणाची दोन गणितं होती बाई. येत होती. एकात तीस लिटर होतं, एकास पाच. मी सहा लिहिलं."

आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "सहा कसं लिहिलंस सुनंदा? एक आणि पाच, भाग सहा झाले ना? तिसाला सहाने भागायचं, पाच येतात. फळ्यावर दहा वेळा करून दाखवलं! भागांची बेरीज, भागांची बेरीज! कानात जातं की नाही?"

 तिने मान खाली घालून वही पुढे सरकवली. मी ती पिशवीत टाकली आणि घरी आणली.

सकाळी गॅलरीत उजेडाला बसून वही उघडली. आमचे लोक पेन वापरत नाहीत, पेन्सिल वापरतात आणि कागद फाटेपर्यंत खोडतात. चूक कोणाला दिसू नये म्हणून. हायपोच्या गणितापुढे उत्तर होतं पाच लिटर. वीस भागिले चार, पाच. पण त्याच्याखाली कागद खडबडीत झाला होता. मी पान उजेडासमोर तिरकं धरलं. खोडलेल्या जागी पेन्सिलीच्या दाबाचा आकडा उरला होता. एक अधिक चार, पाच भाग. वीस भागिले पाच. चार लिटर. आधी तिचं बरोबर आलं होतं. मग तिने ते खोडलं होतं.

का खोडलं असेल, म्हणून मी पुस्तकाचं शेवटचं, उत्तरांचं पान काढलं. तिथे पाच लिटर छापलेलं होतं. सरबताचं उत्तर. गणित मी बदललं आणि उत्तर तसंच राहिलं.

 हे चहा घेऊन आले आणि माझं तोंड बघून कप ठेवून परत गेले.

त्याच दिवशी मी वरळीला गेले. सुनंदा तिकडे बीडीडी चाळीत राहते. आजूबाजूला नव्या इमारतींचं काम चाललं होतं, तिच्या चाळीचा नंबर अजून लागायचा होता. दुपारपाळी नव्हती, ती घरीच होती. मला दारात बघून गडबडली. मी खाटेच्या कडेवर बसले आणि वही उघडली.

"तू आधी चार काढलं होतंस."

"हो."

"मग खोडलंस का?"

"पुस्तकात पाच होतं."

"वॉर्डात किती घालतेस?"

"चार. पाच घातलं तर सिस्टर ओरडतील. हात पण जळतात."

"अगं मग? वीस वर्षं रोज सकाळी चार घालतेस. तुला वाटलं नाही पुस्तकात चुकलंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "ते वॉर्डातलं आहे बाई. हे गणित आहे."

एवढी वर्षं मी त्यांच्या कामातली उदाहरणं पुस्तकात घालत होते आणि छाती फुगवत होते, की बघा, यांचं जग आणि गणित मी जोडून दिलं. आणि ही बाई आपल्या हाताला पक्कं ठाऊक असलेलं उत्तर खोडून माझी चूक लिहीत होती. परीक्षेत सुद्धा तिने तीच चूक नीट लक्षात ठेवून लिहिली. चूक पाठ केली होती तिने.

"सुनंदा, पुस्तकातलं चुकलंय. माझं चुकलंय. तुझे गुण माझ्यामुळे गेले."

ती पटकन उठली. मला वाटलं, रडायला लागली. पण तिने जाऊन दार लोटून घेतलं. "हळू बोला. शेजारी आपल्या वर्गातला दिलीप राहतो. ऐकलं तर काय म्हणेल, बाईंचं चुकलं." माझी अब्रू वाचवायला धावली ती. मग परत येऊन बसली, वहीकडे बघत राहिली आणि एकदम तिचा आवाज चढला. "मग मला का ओरडलात? सगळ्यांसमोर?"

 मी म्हटलं, "माफ कर मला." आयुष्यात विद्यार्थ्याला हे मी पहिल्यांदा म्हटलं, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

आतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "सुनंदा, बाईंका च्या ठेव गो." सुनंदाने डोळे पुसले आणि चहा ठेवला. आम्ही तिघींनी तो घेतला.

पुढच्या वर्गात मी सगळ्यांच्या वह्या मागितल्या. चौदापैकी नऊ वह्यांत चार खोडून पाच केलेलं होतं. नऊ! मी ते गणित फळ्यावर मांडलं आणि माझी चूक सांगितली. पहिल्या वर्षापासून वर्ग न सोडलेले तुकाराममामा मान हलवत म्हणाले, "माका वाटलाच होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमका कसा सांगतलंय, बाई?"

भाच्याने इंटरनेटवरची प्रत दुरुस्त केली. शेट्यांनी बरोबर उत्तराच्या चिठ्ठ्या छापून फुकट दिल्या आणि आम्ही त्या प्रत्येक प्रतीच्या उत्तरांच्या पानावर चिकटवल्या. पण चिपळूणला, सावंतवाडीला आणि मला ठाऊकही नाही अशा कुठल्या कुठल्या गावी ज्या प्रती गेल्या, त्यांचं काय? ज्यांचे पत्ते माहीत होते त्यांना फोन केले. बाकीच्या प्रती परत मागवायची सोय नाही. आजही कुठेतरी एखादी बाई चार खोडून पाच लिहीत असेल, असं मनात येतं आणि मग त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

वर्गात मी एक नियम केला. खोडरबर बंद. मी सगळे गोळा केले आणि टेबलाच्या खणात टाकले. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं, आणि लिहायचं ते पेनाने. लोक अक्षरशः हळहळले. एकाने दुसऱ्या दिवशी खिशात लपवून नवा खोडरबर आणला, तोही काढून घेतला. आणि सांगितलं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'बदला' लिहिलंय, ते नुसतं पेरूंच्या जागी बर्फ घालण्यासाठी नाही. उत्तर चुकीचं वाटलं तर मला वर्गात, मोठ्याने सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सांगितलं मात्र कोणीच नाही, सहा-सात महिने.

सुनंदा ड्रेसर झाली, हे सांगून टाकते, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या आणि शेवटच्या संधीला ती पास झाली. तिने इस्पितळातून फोन केला, मागे कोणाच्या तरी बाळाचं रडणं चाललं होतं, आणि तिला "बाई, झालं" एवढंच बोलता आलं. पेढे आले, तुकाराममामांनी चार खाल्ले. पण माझ्यापुरता तिचा निकाल त्याआधीच लागला होता.

शेवटच्या परीक्षेला दीड महिना राहिला होता. सलाइनचं एक गणित चाललं होतं. पाचशे मिलीची बाटली, तासाला एकशे पंचवीस जातं, दीड तासाने किती उरलं? पुस्तकात उत्तर ३१२.५. सगळे खाली माना घालून लिहीत होते. सुनंदा उभी राहिली.

"बाई, उत्तर चुकलंय."

'मला वाटतं' वगैरे नाही. चुकलंय. पुन्हा? मी फळ्याकडे वळले आणि गणित केलं. ३१२.५ आलं. पुन्हा केलं, तेच आलं. सुनंदा जागेवरून म्हणाली, "मला नाही येत तसं. मला ३२२.५ येतं." आणि ती चालत पुढे आली आणि माझ्या हातातून खडू घेतला. एकतीस वर्षांत आणि नंतरही माझ्या हातातून कोणी खडू घेतला नव्हता.

तिने एकेक पायरी लिहिली. दीड तासात एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक पाच गेलं, बरोबर. पाचशेतून वजा करताना मध्येच थांबली. हातचा राहिला होता. तिलाही दिसला, मलाही दिसला. फळ्याचं डस्टर तिच्या हाताशी होतं.  तिने आपल्या उत्तरावर एक आडवी रेघ मारली, खाली ३१२.५ लिहिलं आणि वर्गाकडे तोंड केलं.

"माझं चुकलं. हातचा राहिला. पुस्तक बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून खडू परत देत म्हणाली, "पण एकदा बघून घेतलं ते बरं, नाही का बाई?"

घरी आले, पिशवी ठेवली आणि यांना म्हटलं, "सुनंदा पास झाली."

"अरे वा! निकाल कधी लागला?"

"परीक्षा व्हायचीय अजून."